ज्ञानतपस्विनी डॉ. कमलाबाई सोहोनी

आपल्या मंडळाची स्मरणिका काढायचे ठरले की चरित्रलेखाचे काम बहुधा माझ्याकडे येते. आजवर मी जिजाऊसाहेबांवर लिहिले, अहिल्यादेवींवर लिहिले, सावित्रीबाई आणि पंडिता रमाबाई यांच्यावरही लिहिले. या थोर स्त्रियांविषयी लिहिताना लेखणी फारशी अडत नाही. कारण वाचणारीला निम्मी गोष्ट आधीच ठाऊक असते. या वर्षी मात्र मी ज्या बाईंची ओळख करून देणार आहे त्यांचे नाव गारखेड्यातल्या दहा घरी विचारले, तर एखाद्याच घरी कुणी ओळखील. मीही तीन वर्षांपूर्वीपर्यंत ओळखत नव्हते. १८ जून २०२३ या दिवशी सकाळी भाचीने फोनवर एक चित्र दाखवले. गूगलने कमलाबाई सोहोनी यांच्या ११२ व्या जन्मदिनानिमित्त आपल्या पानावर ते लावले होते. भाची जीवरसायनशास्त्र शिकते. तिने मोठ्या अभिमानाने मला कमलाबाईंची हकिकत सांगितली. त्या दिवसांत आमच्या घरी एक दुःख चालू होते, आणि त्या हकिकतीतला एक भाग माझ्या मनाला काट्यासारखा टोचला. तो का टोचला ते मी पुढे सांगेन. आधी कमलाबाईंची गोष्ट.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म इंदूरचा. मराठीतील नामवंत लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले होते. पुष्कळ घरांत मुली आईच्या पदराआडून लोणच्याची फोडणी शिकतात. या घरात मुलींच्या कानांवर फोडणीबरोबर रसायनांची नावेही पडत असली पाहिजेत. आपणही वडिलांप्रमाणे आणि काकांप्रमाणे बंगळूरला जाऊन संशोधन करायचे, हे कमलाबाईंच्या मनाने लहानपणीच घेतले होते. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्‌सी. परीक्षेत रसायन आणि पदार्थविज्ञान हे विषय घेऊन पहिल्या आल्या. आता बंगळूरचा दरवाजा आपोआप उघडेल असे त्यांना वाटले तर त्यात नवल नाही.

तो उघडला नाही. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि सगळा देश त्यांच्याकडे आदराने पाहत होता. कमलाबाईंचा अर्ज त्यांनी नाकारला. गुण कमी होते म्हणून नव्हे. अर्ज करणारी मुलगी होती म्हणून. अशा वेळी आपल्यापैकी किती जणी मुकाट्याने घरी परतल्या असत्या, याचा विचार प्रत्येकीने मनाशी करावा. कमलाबाई परतल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या, प्रत्यक्ष रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. ते दिवस गांधीजींच्या सत्याग्रहाचे होते. या मुलीनेही संचालकांच्या दारात सत्याग्रहाचाच मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले एक वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागेल. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये.

ही शेवटची अट वाचली तेव्हा मला हसू आले आणि लगेच रागही आला. पुरुषांचे चित्त विचलित झाले तर दोष बाईचा, हा न्याय आपल्याला नवा नाही. पण तो एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडीही असावा! कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, कारण त्यांना काम हवे होते. अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत. रामन शास्त्रज्ञ म्हणून मोठे होते, पण स्त्रियांच्या बाबतीत त्यांचे मन संकुचित होते, असे त्यांनी वृद्धपणीही जाहीरपणे बोलून दाखवले. मोठ्या माणसाचा मोठेपणा मानायचा आणि त्याची चूकही सांगायची, हा त्यांचा स्वभाव होता.

बंगळूरला त्यांना एम. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. शिस्तीचे कडक, पण शिकवायला उदार. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. हिंदुस्थानातल्या गरीब माणसाच्या ताटात प्रथिने येतात ती मुख्यतः डाळीतून. म्हणून हा अभ्यास कुणाच्या तरी भाकरीशी जोडलेला होता. वर्ष सरले. रामन यांनी काम पाहिले आणि त्यांचे समाधान झाले. त्यानंतर त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. १९३६ साली कमलाबाईंना या संशोधनावर मुंबई विद्यापीठाची एम.एस्‌सी. पदवी मिळाली. एका मुलीने वर्षभर सोसले, त्यामुळे पुढच्या मुलींना सोसावे लागले नाही. सावित्रीबाईंवर लिहिताना मी जे लिहिले होते तेच इथे पुन्हा लिहावेसे वाटते. फक्त शेणगोळ्यांच्या जागी अटींचा कागद आहे.

पुढचा मुक्काम केम्ब्रिजचा. तिथल्या जीवरसायनाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स होते. अन्नात पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांखेरीज आणखी काही सूक्ष्म द्रव्ये लागतात, ती नसतील तर जीव वाढत नाही, हे ज्यांनी दाखवले त्यांपैकी ते एक. या जीवनसत्त्वांच्या शोधासाठी त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या प्रयोगशाळेत त्या काळातही अनेक स्त्रिया संशोधन करीत होत्या आणि कुणाचे चित्त विचलित होत नव्हते! बंगळूरचा अनुभव घेऊन आलेल्या मुलीला तिथे किती मोकळे वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

इथून पुढे थोडे शास्त्र येणार आहे. भगिनींनी कंटाळू नये. मी स्वतः दहावीनंतर शास्त्राचे पुस्तक उघडलेले नाही. भाचीने ओट्याजवळ बसून मला जसे समजावले तसेच इथे लिहिते.

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी ही एक चूल आहे. अन्न हे तिचे सरपण आणि प्राणवायू हा तिचा वारा. मात्र ही चूल भडकून चालत नाही. सरपण एकदम पेटले तर पेशीच जळून जाईल. म्हणून पेशीत पायऱ्यापायऱ्यांनी, हातातून हातात देत, अन्नातली शक्ती काढून घेतली जाते. विहिरीवरून घरापर्यंत बायका रांगेत उभ्या राहून घागरी पुढे देतात, तसेच. या रांगेतली एक महत्त्वाची बाई म्हणजे सायटोक्रोम सी नावाचे लोहयुक्त द्रव्य. प्राण्यांच्या पेशींतले त्याचे काम केम्ब्रिजच्याच डेव्हिड कीलिन यांनी १९२५ पासून उलगडत आणले होते.

कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केले. हे रिक्टर पुढे मेंदूच्या रसायनशास्त्रातले मोठे नाव झाले. दोघांनी मिळून प्राण्यांच्या शरीरात फिनॉल जातीच्या द्रव्यांचे आणि ॲड्रिनॅलिनचे ज्वलन कसे होते यावर काम केले. ते १९३८ साली प्रसिद्ध झाले. रिक्टर आणि ब्लाश्को यांच्यासमवेत त्यांनी अमाइन ऑक्सिडेज नावाच्या विकरावरही लिहिले. ज्या द्रव्यांच्या मदतीने मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्यांपैकी काही द्रव्ये हे विकर मोडून टाकते. पुढे याच विकराला आवर घालणारी औषधे निघाली आणि ती मनाच्या उदासीनतेवर आणि कंपवातावर वापरली गेली. १९३८-३९ साली टेबलापाशी उभ्या असलेल्या त्या मराठी मुलीला हे पुढचे कुठून दिसणार! शास्त्राचे काम असे असते. बी पेरणारा एक, सावलीला बसणारा दुसरा.

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. हिल वनस्पतींवर काम करीत. त्यांच्याकडे कमलाबाईंनी हाती घेतला बटाटा. होय, आपला रोजचा बटाटा! प्राण्यांच्या पेशीत सायटोक्रोमची जी रांग चालते तशीच ती वनस्पतींच्या पेशींतही चालते का, हा प्रश्न होता. कमलाबाईंना बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडले आणि वनस्पतींचा श्वासही त्याच रांगेतून चालतो असे दिसून आले. हिल आणि कमलाबाई यांचे टिपण १९३९ साली नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले. पालेभाजी, बटाटा, गाय आणि माणूस हे सारे श्वास घेण्याच्या बाबतीत एकाच घराण्यातले आहेत, याला त्या कामाने बळ मिळाले. या संशोधनावर त्यांनी अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध लिहिला आणि दीड वर्षाच्या आत केम्ब्रिजची पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ही पदवी तिथे मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. जाडजूड प्रबंधालाच विद्वत्ता मानणाऱ्यांनी ही चाळीस पाने लक्षात ठेवावीत.

आता मेंदूकडे वळते, कारण मंडळात गेल्या हिवाळ्यात हाच विषय निघाला होता. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी आई, सासू किंवा वडील विसराळू होत चालले आहेत. नळ उघडा राहतो, औषध दोनदा घेतले जाते, नातवाचे नाव ओठांवर येत नाही. त्या दिवशी एकीने ब्राह्मीचे नाव घेतले, दुसरीने आवळ्याचे, तिसरीने हळदीच्या दुधाचे. कोणते खरे, हा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता.

माणसाच्या वजनाच्या शंभरात दोन भाग एवढाच मेंदू. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटाच वापरतो. जिथे चूल मोठी तिथे ठिणग्याही जास्त. या ठिणग्या म्हणजे प्राणवायूचे काही अतिशय चळवळे अंश. ते पेशीच्या पातळ आवरणाला, तिच्या प्रथिनांना आणि बीजद्रव्याला डागण्या देतात. मेंदूत स्निग्ध द्रव्य पुष्कळ, आणि तेही लवकर खवट होणाऱ्या जातीचे. म्हणून त्याला या डागण्या अधिक झोंबतात. म्हातारपण येण्यात अशा ठिणग्यांचा हात असावा, ही कल्पना अमेरिकेतील डेनहॅम हार्मन यांनी १९५६ साली मांडली.

वनस्पती तर दिवसभर उन्हात उभ्या. त्यांना सावलीला पळता येत नाही. म्हणून त्यांनी ठिणग्या विझवणारी द्रव्ये स्वतःच तयार केली. आवळ्यातले, पेरूतले आणि लिंबातले क जीवनसत्त्व, जांभळाचा जांभळा रंग, कांद्यातले क्वेर्सेटिन, हळदीचा पिवळा रंग म्हणजे करक्युमिन, ही सारी त्याच कुटुंबातली. आपले शरीरही असे एक द्रव्य बनवते, त्याचे नाव ग्लुटाथायोन. पेशींतून वेगळे काढून त्याचे हे नाव ठेवले होते कमलाबाईंच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, हॉपकिन्स यांनी, १९२१ साली. क जीवनसत्त्व मात्र माणूस बनवू शकत नाही, ते खावेच लागते. आणि मेंदू त्याचा साठा इतका जपतो की शरीरात तुटवडा पडला तरी आपला वाटा सहजासहजी सोडत नाही.

याचा प्रयोग प्रत्येकीने घरी करून पाहावा. एक बटाटा कापावा. एका फोडीला लिंबाचा रस लावावा, दुसरीला लावू नये. थोड्या वेळाने दुसरी फोड काळी पडते. तिच्यातल्या फिनॉल द्रव्यांना हवेतला प्राणवायू लागतो आणि विकराच्या मदतीने ती काळी होतात. लिंबू लावलेली फोड बराच वेळ पांढरी राहते. कारण रसाचा आंबटपणा विकराला रोखतो आणि त्यातले क जीवनसत्त्व प्राणवायूचा मारा स्वतःवर घेते. आपण वांगी चिरून पाण्यात टाकतो, तेही फोडींना हवेपासून वाचवण्यासाठीच. शास्त्र आपल्या ओट्यावर रोजच घडत असते; फक्त त्याच्याकडे पाहणारी कमलाबाई हवी.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण इथेच पाऊल घसरते, आणि माझे घसरले. हे मी मंडळात आजवर कुणाला सांगितले नव्हते.

आमच्या सासूबाईंना विसरायला होऊ लागले तेव्हा नात्यातल्या एका गृहस्थांनी एका विक्रेत्याचा पत्ता दिला. त्याने घरी येऊन मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की त्याच्या भुकटीत हळद, आवळा आणि अनेक वनस्पतींचे सत्त्व आहे. परदेशात प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे की त्याने मेंदूच्या मरणाऱ्या पेशी वाचतात. मात्र इतर सगळ्या गोळ्या बंद कराव्यात, त्या आड येतात. बोलण्यात पेशी, प्रयोग, परदेश असे शब्द आले की आपण दबतो. मी दबले. महिन्याचे पैसे मोजले आणि सासूबाईंची रक्तदाबाची गोळी बंद केली. घरात कुणाला विचारले नाही. रोज सकाळी दुधात भुकटी घालून स्वतःच्या हाताने दिली. दोन महिन्यांनी एका पहाटे त्यांच्या उजव्या हातातून पेला गळला आणि शब्द तोंडातच अडखळले. डॉक्टरांनी सांगितले की वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूतल्या रक्तवाहिनीवर घाव घातला होता. पेशी वाचवायला गेले आणि माझ्याच हाताने त्या गमावल्या.

हे घडून काही आठवडेच झाले होते, तेव्हा भाचीने ते चित्र दाखवले. मी तिला रागाने विचारले की मग शास्त्रातल्या त्या सगळ्या गोष्टी खोट्या का. ती म्हणाली की खोट्या नाहीत, अर्ध्या आहेत. काचेच्या बशीत वाढवलेल्या मेंदूच्या पेशींवर करक्युमिन टाकले तर त्या ठिणग्यांपासून वाचतात, हे प्रयोगात दिसते. उंदरांतही काही लाभ दिसतो. पण बशीत टाकलेले द्रव्य पेशीच्या अंगावरच पडते. माणूस हळद खातो तेव्हा त्या हळदीतच करक्युमिन शंभरात दोन ते पाच भाग. त्यातले आतड्यातून रक्तात अगदी थोडे जाते, यकृत त्याचे रूप पालटते, आणि रक्त व मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने जो कडक पहारा बसवला आहे त्याच्यापलीकडे त्याहूनही थोडे पोचते. अशा द्रव्यांच्या किंवा जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी माणसाचा स्मृतिभ्रंश टळतो, असे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. आणि सायटोक्रोम सी? १९९६ साली अमेरिकेतील संशोधकांना दिसले की पेशीच्या श्वासाच्या कोठारातून हेच द्रव्य बाहेर सांडले, तर पेशी आपल्या मरणाची तयारी सुरू करते. जे द्रव्य आत राहून श्वास चालवते, तेच बाहेर आले की मृत्यूची घंटा वाजवते. म्हणून पेशीच्या जगण्यामरण्याच्या गोष्टी एका पुडीत बांधून देण्याइतक्या सोप्या नाहीत.

ही समज माझ्या अंगी असती तर! आणि कमलाबाईंनी तर आयुष्याचा उत्तरार्ध हीच समज बायकांना देण्यात घालवला होता. तो भाग आता सांगते.

केम्ब्रिजहून त्या १९३९ साली मायदेशी परतल्या. विलायतेत राहून नाव कमावता आले असते. पण देशात काम करायचे हा त्यांचा निश्चय होता. प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या; मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक. १९४७ साली विमाशास्त्रज्ञ श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनाचे अध्यापन आणि संशोधन केले व विद्यार्थी घडवले.

या काळातले त्यांचे काम वाचले तर वाटते की एखादी जाणती गृहिणीच परीक्षानळी घेऊन उभी आहे. कडधान्यांत प्रथिने भरपूर, पण काही कडधान्यांत पचनाचे विकर अडवणारी द्रव्येही असतात. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वालासारख्या कडधान्यांतील अशा द्रव्यांचा अभ्यास केला. वाल भिजवावेत, मोड आणावेत आणि नीट शिजवावेत, कच्चे खाऊ नयेत, या आजीच्या शिकवणीमागचे कारण असे कळते. कारण आच लागली की अडवणारी द्रव्ये बरीचशी नाहीशी होतात. दुधाच्या प्रतीबाबत आरे दूध योजनेला त्यांनी सल्ला दिला. आणि सर्वांत मोठे काम नीरेचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडाची ताजी नीरा आणि तिचा गूळ यांची तपासणी हाती घेतली. आपल्याकडे नीरा म्हटले की लोकांना ताडीच आठवते. पण सूर्योदयापूर्वी उतरवलेली, न आंबलेली नीरा हे गोड, पोषक पेय आहे. तिच्यात जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना ती दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

इथे एक फरक लक्षात घ्यावा. कमलाबाईंनीही वनस्पतीपासून मिळणारी वस्तूच लोकांना दिली आणि माझ्याकडे आलेल्या विक्रेत्यानेही वनस्पतीचेच नाव घेतले. पण कमलाबाईंनी आधी नीरेत काय आहे आणि किती आहे ते मोजले. मग ज्यांना उणीव होती त्यांनाच ती दिली. आणि दिल्यानंतर काय झाले ते पुन्हा पाहिले. उपाशी अंगाला लोह मिळाले तर फरक दिसणारच. विक्रेत्याने यांपैकी एकही गोष्ट केली नव्हती, आणि मी त्याला एकही विचारली नाही.

विज्ञान संस्थेतही त्यांची वाट सरळ नव्हती. पात्रता असूनही संचालकपद त्यांना वेळेवर मिळाले नाही. अंतर्गत राजकारणामुळे काही वर्षे थांबावे लागले. अखेर ते मिळाले. एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखपदी स्त्री येणे ही त्या काळी अपूर्व घटना होती. बंगळूरच्या दाराशी जी अडली होती, ती मुंबईच्या संस्थेची प्रमुख झाली.

१९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदा नव्हता; तो १९८६ साली झाला. भेसळ, खोटी वजने आणि खोटे दावे यांविरुद्ध बोलायला गृहिणीला जागाच नव्हती. कमलाबाई या संस्थेच्या संस्थापकांपैकी होत्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या कीमत या मासिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. केम्ब्रिजच्या पदवीधर बाईने किराणा मालाच्या फसवणुकीवर लिहावे, यात तिला कमीपणा वाटला नाही. माझ्या मते त्यांच्या साऱ्या विद्वत्तेची कसोटी इथेच लागते. ज्ञान प्रयोगशाळेतून निघून दळणाच्या डब्यापर्यंत पोचले पाहिजे.

हाच तो काटा. ज्या बाईने आमच्यासारखींसाठी हे सगळे करून ठेवले, तिचे नावही मला ठाऊक नव्हते. आणि माझ्या डब्यात जी पुडी होती तिच्यावर ना बनवणाऱ्याचे नाव होते, ना पत्ता, ना परवाना क्रमांक, ना तारीख. गंभीर आजार बरे करण्याच्या खोट्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ पासून आपल्या देशात आहे, हेही मला नंतर समजले.

१९९८ साली दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने कमलाबाईंचा गौरव केला. त्या समारंभातच त्यांची प्रकृती एकाएकी बिघडली आणि थोड्याच काळात त्यांची प्राणज्योत मालवली. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी शास्त्राच्या दारात जिला अटी घातल्या गेल्या, तिला शेवटी शास्त्राच्या घरातूनच मानाने निरोप मिळाला.

या चरित्रातून मी माझ्यापुरते तीन नियम केले आहेत. कुणी कोणत्याही द्रव्याचे गुण सांगू लागले की विचारायचे : हे बशीत दिसले, उंदरात दिसले की माणसात? किती मात्रेत? आणि याने काय बंद करायला सांगता? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आले की चहा न देता निरोप द्यायचा. बाकी आवळा, पेरू, जांभूळ, पालेभाजी, हळद हे सारे आमच्या ताटात पूर्वीसारखेच आहे. ते अन्न म्हणून आहे, औषधाच्या जागी नाही. रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी वेळच्या वेळी होते. रोज थोडे चालणे, कानांना नीट ऐकू येते ना हे पाहणे, आणि चार माणसांत बसणे, यांचा मेंदूला उपयोग होतो असे डॉक्टर सांगतात. म्हणून संध्याकाळी सासूबाईंना हात धरून गजानन महाराज मंदिरापर्यंत नेते. तिथे त्यांच्या वयाच्या बायका भेटतात.

सासूबाईंचे काही शब्द परत आले, काही आले नाहीत. भुकटीचे आणि गोळीचे खरे मी त्यांना सांगितले आहे. त्यांना किती कळले ते देव जाणे. त्यांनी फक्त माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आताही त्या ओट्याजवळच्या खुर्चीत बसून डाव्या हाताने लसूण सोलतात. परवा मी बटाट्याच्या दोन फोडी करून एका फोडीला लिंबू लावले आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. त्या कितीतरी वेळ पाहत होत्या. मग त्यांनी काळी फोड बाजूला सारली आणि पांढरी उचलून माझ्या हातात दिली.

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या दिवशी आपण मंडळात दिवा लावू. एक दिवा कमलाबाईंच्या नावाने लावू या. आणि पुढच्या महिन्यापासून दर सभेत एकीने आपल्या घरी आलेली एक पुडी, एक बाटली किंवा एक जाहिरात आणावी, आणि सगळ्या जणींनी मिळून तिच्यावरची अक्षरे वाचावीत. पहिल्या सभेत माझी पुडी मी आणीन.